घरच्या मिरचीचे बी

मिरची आपल्या स्वयंपाकघराची इतकी जुनी सोयरी आहे की ती परदेशची, हे पटत नाही. मूळची ती अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती गोव्यात आणली. पुढे आमच्या बेळगाव भागात तिची तिखट संकेश्वरी जात नांदली.

आमच्या परसात माझ्या आईने हे बी वर्षानुवर्षे राखले होते. तिच्या पश्चात मी हौसेने शेजारच्याच वाफ्यात ढोबळी मिरची लावली. त्या वर्षी फळे नेहमीसारखीच आली, म्हणून त्यांचेच बी धरले. पुढल्या वर्षी कित्येक झाडांना आखूड, जाड मिरच्या लागल्या! मधमाश्यांनी पराग इकडचे तिकडे नेले होते. शिक्षक असून मला ते सुचले नव्हते.

सुदैवाने थोरल्या बहिणीच्या सासरी आईने दिलेले वाण निर्भेळ राहिले होते. तेथून चिमूटभर बी आणले.

बी भुसभुशीत मातीत पाव इंच खोल पेरावे. आठदहा दिवसांत उगवते. पाणी बेताने द्यावे, नाहीतर रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. पाच-सहा आठवड्यांनी ती दीड-दीड फुटावर लावावीत. उत्तम झाडाच्या काही कळ्यांवर उमलण्यापूर्वीच मलमलीची पिशवी बांधावी. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. फळ धरताच पिशवी काढून देठाला दोरा बांधावा आणि ते लाल झाल्यावर त्याचे बी सावलीत वाळवावे.

त्यातले थोडे दुसऱ्या घरी अवश्य द्यावे. आईने दिले होते, म्हणूनच आमचे वाचले.