त्या घरात रमाई नव्हती



आज आपल्या वस्तीतली पोरं इंग्लंड-अमेरिकेत नोकरी करतात. बायको-मुलं सोबत असतात. मी साधा गिरणी कामगार, परदेश काही पाहिला नाही. पण ऐकून छाती भरून येते. मात्र हे सुख कुणाच्या ताटातुटीवर उभे आहे, ते विसरून कसे चालेल?

१९१३ साली बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९२० साली राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने लंडनला गेले. दोन्ही वेळा एकटेच. इकडे मुंबईत माता रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत राहिल्या. १९३५ साली त्या गेल्या. १९४० साली बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. कृतज्ञता म्हणतात ती ही!

मंगलसुत्तात कृतज्ञतेला मंगल म्हटले आहे. ती फोटोला हार घालून संपत नाही. लंडनचे किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. परदेशातल्या लेकरांनो, तुमच्या मुलांना ते घर जरूर दाखवा. पण त्या घरात रमाई नव्हती, हेही सांगा. आणि आपल्या जुन्या चाळीतल्या एका तरी पोराची, पोरीची फी भरा. बाबासाहेबांना कुणी हात दिला, म्हणून आपण इथवर आलो. तो हात आता आपण पुढे करायचा.

जयभीम! नमो बुद्धाय!