सिद्धगड आणि इटली : आठवणींचा हिशेब

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील माजी सैनिकांच्या आठवणींची एक बैठक कर्जत येथे झाली. तिच्या समारोपाचे हे भाषण.)



सकाळपासून आपण जे ऐकले त्यानंतर समारोपाला उभे राहणे हे धारिष्ट्याचे काम आहे. मी कधी वर्दी घातलेली नाही. माझे आयुष्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात गेले. त्यामुळे रणांगणाचे वर्णन करण्याचा अधिकार माझा नाही. अर्थशास्त्राच्या माणसाला मात्र एक सवय जडलेली असते. कोणी काय दिले, कोणाच्या पदरात काय पडले आणि वहीत कोणाचे नाव लिहायचे राहून गेले, हे तो विचारत राहतो. सैनिकांच्या आठवणींबाबत आज मला हाच प्रश्न विचारायचा आहे.

लढाईच्या आठवणी या मुलखाला नव्या नाहीत. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु त्या रानात दगडधोंडे रचून वाट अडवून बसलेल्या शिपायांची नावे आपल्याजवळ नाहीत. सेनापतीचे नाव बखरीत राहते आणि शिपायाचे त्याच्या घराबरोबर पुसले जाते. ज्या काळी लिहिणारे हात मोजके होते त्या काळी याला इलाज नव्हता. आज प्रत्येक घरात लिहिता येणारे माणूस आहे आणि प्रत्येक खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. आता हे पुसले जाणे दैवाच्या माथी मारता येणार नाही.

एका विशिष्ट काळाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात, ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. माथेरानात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल पेशाने वकील होते. त्यांच्या आझाद दस्त्यात कर्जत परिसरातील शेतकरी व आदिवासी तरुण होते, आणि मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडून या दस्त्याने सरकारला हैराण केले होते. पुढे दीड वर्षाने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, याच जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीतर्फे लढताना कामी आले. आपल्या तुकडीतले सारे सोबती पडल्यावर एकट्याने शत्रूच्या मशिनगनवर चालून जाणाऱ्या या बावीस वर्षांच्या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे.

एकाच जिल्ह्यातील ही दोन मरणे आहेत. एकाने ज्या सरकारविरुद्ध शस्त्र धरले त्याच सरकारच्या सैन्यात दुसरा लढला. यावर कोणी चटकन विचारील की, या दोघांत खरा देशभक्त कोण? हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्याआधी विचारायला हवे की, ही दोन्ही माणसे ज्या खेड्यांतून गेली ती खेडी कशी जगत होती?

पावसाळी भाताचे एक पीक, वरकस जमिनीवर थोडी नाचणी-वरी आणि मग आठ महिने हाताला काम नाही, असे हे खेडे होते. आवणीच्या दिवसांत कणगी रिकामी होई. तेव्हा सावकाराकडून भात उचलावे आणि सुगीला ते दिढीने फेडावे, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. या चक्रातून सुटण्याच्या वाटा थोड्या होत्या. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी रेल्वेच्या कामावर, कोणी कोळशाच्या भट्टीवर. ज्याची छाती आणि उंची मापात बसली तो पलटणीत गेला. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे लष्करात भरती झाली. जगातील सर्वांत मोठे स्वेच्छा सैन्य म्हणून त्याचा गौरव होतो. त्या स्वेच्छेत रिकाम्या कणगीचा वाटा किती होता, हे मात्र गौरव करणारे विचारीत नाहीत.

भाई कोतवालांनी भूमिगत होण्यापूर्वी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, हे आपण विसरतो. सावकाराच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये म्हणून गावाने आपले धान्य एकत्र ठेवावे आणि अडलेल्याला द्यावे, ही त्यामागील कल्पना. म्हणजे ज्या भुकेने एका तरुणाला भरतीच्या रांगेत उभे केले, त्याच भुकेवर दुसरा गावातच तोड शोधीत होता. दोघांच्या आठवणी शेजारी ठेवल्या तर या जिल्ह्याचा आर्थिक इतिहास दिसू लागतो. त्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या तर दोन पुतळे तेवढे उरतात.

सैनिकाची आठवण ही फावल्या वेळची गोष्ट आहे असे काहींना वाटते. आपल्याच जिल्ह्याचा अनुभव याच्या उलट आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. पुढे सरकारने महारांची लष्करभरती थांबवली, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी विनंतीपत्र तयार केले. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, मग आज आम्ही अपात्र कसे, हा त्या विनंतीचा आशय होता. पहिल्या महायुद्धाने माणसांची टंचाई निर्माण केली तेव्हा, १९१७ मध्ये, एकशे अकरावी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, म्हणजे पुन्हा युद्धातच. गरज पडली की पात्र आणि गरज सरली की अपात्र, असा हा न्याय होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर जे चालत गेले त्यांत लष्करातून निवृत्त झालेली मंडळी ठळकपणे होती. परमुलखात शिस्तीने आणि बरोबरीने वावरलेल्या माणसाला गावच्या तळ्यावर पाणी नाकारले जाते, हा विरोधाभास त्यांच्या आठवणीनेच असह्य केला. आठवणीतून हक्काची मागणी उभी राहते ती अशी.

काही आठवणी तर सांगण्याचीच चोरी होती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही तात्कालिक कारणे होती. पाहता पाहता तो संप सुमारे वीस हजार नौसैनिकांपर्यंत पोहोचला. त्यांना पाठिंबा देण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या कामगारांवर गोळीबार झाला आणि दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. खलाशांनी २३ फेब्रुवारीला शरणागती पत्करली. शेकडो जणांना नोकरीतून काढून घरी धाडण्यात आले. स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही. ते कोकणात, देशावर, पंजाबात, बंगालात आपापल्या गावी गेले आणि बहुतेकांनी तोंड मिटून संसार केला. शिस्त मोडलेला शिपाई म्हणून गाव आपल्याकडे पाहील की स्वातंत्र्याचा लढवय्या म्हणून, याची त्यांना खात्री नव्हती.

आता वहीच्या प्रश्नाकडे येतो. केंद्र सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली आणि १९८० मध्ये तिचे नाव व स्वरूप बदलून तिला सन्मान योजना केले. नौदलाच्या उठावात भाग घेतलेल्यांनाही तीत स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट. परंतु पात्रतेसाठी सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तेवढाच भूमिगत काळ सिद्ध करावा लागे. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींसाठी तुरुंगवासाची ही अट तीन महिन्यांची होती. सरकारला पुरावा लागतो, हे मी समजू शकतो. तथापि आझाद दस्त्यातील माणसांना रानात भाकरी पोहोचवणाऱ्या, पोलिसांना चुकीची वाट दाखवणाऱ्या ठाकूर वा कातकरी माणसाजवळ कसला पुरावा असणार? त्याच्या नावाचे वॉरंट निघाले नाही, कारण त्याचे नाव कोणी विचारलेच नव्हते. त्याची नोंद झालीच तर ती घरातल्या आठवणीत झाली. ती पिढी आता उरलेली नाही. त्यांची मुले आणि नातवंडे आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला आपल्याला फार वर्षे मिळणार नाहीत.

दुसरे राहून गेलेले नाव स्त्रीचे. नवरा सीमेवर असताना आवणी कोणी केली, सासऱ्याचे आजारपण कोणी काढले, मनिऑर्डर उशिरा आली त्या महिन्यात घर कसे चालले, हे सेवापुस्तकात लिहिलेले नसते. आज या सभेत बोलले ते सारे पुरुष. भगिनी मागच्या रांगांत बसून ऐकत होत्या आणि मधूनमधून एकमेकींकडे पाहून हसत होत्या. त्या हसण्यात काही दुरुस्त्या होत्या, असा माझा तर्क आहे. पुढच्या बैठकीत त्या ऐकायला मिळाव्यात. शासनाच्या लेखी सैनिकाची पत्नी काय होती याचे एकच उदाहरण देतो. शौर्यपदक मिळवलेल्या सैनिकाच्या विधवेने पुनर्विवाह केला तर पदकाबरोबरचा मासिक भत्ता बंद होई, आणि दिराशी लग्न केले तरच तो चालू राही. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे गेल्यावर!

मित्रहो, हा सारा जुना इतिहास झाला असे कोणी समजू नये. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे; झालेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. तरीही समान पद व समान सेवेला समान निवृत्तिवेतन मिळावे यासाठी माजी सैनिकांना २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले, आणि त्यानंतर तो निर्णय १ जुलै २०१४ पासून लागू झाला. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तीत चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम नेमणूक, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा निधी आणि निवृत्तिवेतन नाही. सैन्याचे सरासरी वय कमी व्हावे, हा हेतू गैर नाही. निवृत्तिवेतनाचा वाढता बोजा हाही खरा प्रश्न आहे. परंतु तो बोजा तरुणाच्या आयुष्यातील अनिश्चिततेत रूपांतरित केला म्हणजे नाहीसा होत नाही. तो सरकारच्या वहीतून निघून घराच्या वहीत जातो.

खालापूर तालुक्यातून जाताना कारखान्यांच्या आणि बागबंगल्यांच्या फाटकांवर मला माजी सैनिक रखवालदार म्हणून उभे दिसतात. कामात कमीपणा नाही. पण ज्याने बर्फात दूरसंचार यंत्रणा चालू ठेवली, ज्याने अवजड वाहने दुरुस्त केली, त्याच्या हातातील कसब बाजाराला नको असते. त्याची वर्दी आणि सलाम तेवढा हवा असतो. काही ठिकाणी तर ज्या जमिनीची राखण तो करतो ती एके काळी त्याच्याच भाऊबंदांची होती. हीदेखील सैनिकाची आठवण आहे आणि ती पंधरा ऑगस्टच्या भाषणात येत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, आजची बैठक येथेच संपू नये. दोन्ही तालुक्यांतील शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गावोगाव, वाड्यापाड्यांवर जाऊन या आठवणी नोंदवाव्यात. शत्रूचे किती मारले, हा प्रश्न शेवटी ठेवावा. विचारलाच नाही तरी चालेल. भरतीला का गेलात, पहिला पगार कोणाला धाडला, घरी शेत कोणी राखले, भीती कधी वाटली, कोणता सोबती परत आला नाही, वरिष्ठ कसे वागले, परत आल्यावर गावाने कसे वागवले, हे विचारावे. पत्नीला वेगळे बसवून विचारावे. ज्याला बोलवत नसेल त्याला मुळीच छेडू नये. त्याच्या मौनाचाही मान राखावा. दोन आठवणींचा मेळ बसला नाही तर दोन्ही ठेवाव्यात. या नोंदींची एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात आणि एक प्रत त्या कुटुंबाजवळ असावी.

या कामाला मोठा निधी लागत नाही, पण घाई मात्र लागते. १९६२ चे युद्ध पाहिलेल्यांनी ऐंशी ओलांडली आहे. १९७१ मध्ये वीस वर्षांचे असलेले आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. एखादा माणूस गेला की गाव त्याला श्रद्धांजली वाहते. त्याला जे सांगायचे होते ते त्याच्या हयातीत ऐकून घेणे ही त्याहून खरी आदरांजली आहे. समोरच्या रांगेत बसलेल्या वडीलधाऱ्यांनी आज पुष्कळ सांगितले, आणि काही हातचे राखलेही आहे, हे मी जाणतो. तेही ऐकण्याइतका वेळ आणि पात्रता आमच्याजवळ असावी, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.