मूल का आले नाही?



डहाणूत आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. कुणी विरारहून पहाटेची लोकल धरून आला आहात, कुणी जव्हार-मोखाड्याहून एसटीने घाट उतरून. रविवारची सुट्टी सोडून आलात, त्याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपला ऋणी आहे.

शिस्त आणि मुलांचे मन या विषयावरची परिषद या तालुक्यात भरावी, हे उचितच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली इथल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. पाड्यांवरची वारली मुले शाळेत येत नव्हती. पटावर लाल शेरा मारून पालकांना दटावणे सोपे होते. या दोघींनी मूल का येत नाही, ते शोधले. कुणी गुरांमागे रानात होते, कुणाच्या कडेवर धाकटे भावंड होते. मग गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. भावंडाला घेऊन येता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आली. मुलांना वळण लागले ते त्यानंतर. आधी शाळा बदलली होती.

आज कायदा आपल्या हातात आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई केली. छडी बहुतेक शाळांतून गेली, हे खरे. पण अंगठे धरायला लावणे, अख्ख्या वर्गासमोर घरच्या गरिबीवरून बोलणे, ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवणे अजून गेलेले नाही. त्याचा वळ हातावर दिसत नाही, म्हणून ते आपल्याला लागतही नाही.

‘धाक गेला आणि मुले शेफारली’, असे शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते. त्यामागचा त्रास खरा आहे, आणि मी तो उडवून लावणार नाही. मात्र शिक्षा नाही म्हणजे नियम नाही, असे कुणी सांगितले? गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत दोन मुलांची जुंपली. एकाने दुसऱ्याचा शर्ट फाडला. वर्गशिक्षिकेने आधी दोघांना पाणी दिले, मग वेगवेगळे ऐकून घेतले. नंतर फाडणाऱ्याच्या हाती सुई-दोरा दिला. बटण लावताना त्याने दोनदा बोट टोचून घेतले. तेव्हा दोरा ओवून द्यायला शर्टवालाच पुढे सरसावला. चुकीची भरपाई झाली आणि कुणाचा पाणउताराही झाला नाही. याला वेळ लागला, पुढचा अर्धा तास गेला. तो वाया गेला असे मला वाटत नाही.

दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. आजीजवळ मागे राहिलेली मुलगी पाणी भरून, भाकरी टाकून परिपाठाला उशिरा पोहोचते. तिला दाराबाहेर उभे करायचे, की ‘काही खाल्लेस का गं?’ असे विचारायचे?

हे सारे शिक्षकाकडून मागताना त्याच्याकडेही पाहावे लागेल. कायद्याने पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात एकाच शिक्षकाने दोन-तीन वर्ग सांभाळायचे, माहितीचे तक्ते भरायचे, निवडणुकीची कामे करायची आणि वर संयमही राखायचा, हे किती दिवस चालणार? शिक्षण खात्याचे अधिकारी समोर बसले आहेत, म्हणून हे स्पष्ट बोललो.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका ‘त्रासदायक’ मुलाची हकीकत, नाव न घेता, मांडावी. तो असा का वागतो, यावर गटाने मिळून विचार करावा. जेवणाची व्यवस्था मागच्या मंडपात आहे, आणि घोलवडचा चिकू घेतल्याशिवाय कुणी उठू नये. आता उद्घाटकांना मी दीपप्रज्वलनाची विनंती करतो.