पोटदुखी आणि चुकलेली तारीख

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा हिशेब चेअरमनसाहेबांनी दिलाच आहे. मी बँकेतला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी आज एका दुखण्याबद्दल बोलतो. बहिणीची परवानगी घेऊन आलोय.

१९८४ चा मे महिना. मी रजेवर पाचाडला गेलो होतो. मेहुणे मुंबईला, शिमग्याला येऊन गेलेले. रात्री धाकट्या बहिणीच्या ओटीपोटात एका बाजूला कळा येऊ लागल्या. मी ओव्याचे पाणी दिले, पोट शेकायला सांगितले. तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले, त्यामुळे दिवस राहिले असतील असे कुणाच्या मनातही आले नाही. पहाटे ती चक्कर येऊन पडली. जीप मिळवून महाड गाठेपर्यंत ऊन वर आले.

डॉक्टरांनी आधी विचारले, "पाळी कधी आली होती?" दोन आठवडे उलटून गेले होते. सोनोग्राफी तिथे तेव्हा कुठली! त्यांनी सुईने पोटातले रक्त काढून पाहिले, ते गोठत नव्हते. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. लगेच ऑपरेशन झाले. महाडच्या शाखेतल्या दोघा सहकाऱ्यांनी रक्त दिले. बहीण वाचली.

असा गर्भ वाढवता येत नाही, आईला मात्र वाचवता येते. लवकर कळले तर काही वेळा मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनने भागते. नळी फुटली की ऑपरेशनच.

म्हणून घरातल्यांनी एवढे लक्षात ठेवा. पाळी चुकली, ओटीपोटात दुखतंय, थोडे रक्त जातंय, चक्कर येतेय किंवा खांदा दुखतोय, तर घरगुती उपाय नकोत. लघवीची तपासणी आशाताईंकडेही होते. पण तिच्यातून दिवस आहेत एवढेच कळते, गर्भ कुठे आहे ते सोनोग्राफीत दिसते. ऑपरेशन झालेल्या बाईलाही हे होऊ शकते. घेरी आली तर १०८ ला फोन करा. ही सोय आपल्याकडे २०१४ पासून आहे, आम्हाला तेव्हा जीप शोधावी लागली होती.

बँकेत जन्मभर तारीख पाहूनच सही केली. त्या रात्री बहिणीला एक तारीख विचारायला मात्र लाजलो. तुम्ही लाजू नका.