मुंबईच्या जुन्या बागा आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान माणूस नाही. साचेखात्यात उभं आयुष्य गेलं. नववीतून शाळा सुटली, पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या ऑफिसात आणि बागेतल्या बाकावर. म्हणून कार्यकर्त्यांनी मला सांगितलं, की काका, गेल्या महिन्यात तुम्ही आपल्या मुलांना आणि महिला मंडळाला मुंबईच्या जुन्या बागा पायी फिरवून दाखवल्यात, त्याबद्दलच बोला. जे आले नव्हते त्यांनाही कळू द्या.

हे फिरणं सुरू कसं झालं ते आधी सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी मी पैसे भरून अशाच एका बागांच्या फेरीला गेलो होतो. माहिती सांगणारा तरुण हुशार होता. कुठल्या गव्हर्नरच्या काळात कुठली बाग झाली, कुठलं झाड कुठल्या देशातलं, सगळं त्याला तोंडपाठ. शेवटी मी विचारलं, "बाळा, चर्नी रोडच्या बागेत शाळकरी वयात कोण अभ्यासाला बसायचं, ठाऊक आहे का?" त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा त्याने ते वहीत लिहून घेतलं. मित्रहो, दोष त्याचा नाही. आपण सांगितलंच नाही तर त्याला कळणार कसं? त्या दिवशी ठरवलं, आपली फेरी आपणच काढायची.

आम्ही सकाळी सात वाजता सीएसएमटीला उतरलो आणि चालत हॉर्निमन सर्कलला गेलो. आज तिथे गोल बाग आहे, भोवती कमानींच्या इमारती आहेत, समोर टाऊन हॉल. पण पूर्वी ते किल्ल्यातलं मोकळं मैदान होतं. बॉम्बे ग्रीन म्हणत त्याला. तिथे कापसाचे ढीग पडत, म्हणून लोक कॉटन ग्रीनही म्हणू लागले. १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला आणि पुढे तो शिवडीच्या बाजूला गेला. हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन स्टेशन आहे ना, ते नाव असं चालत आलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा आला, किल्ल्याच्या भिंती पाडल्या, आणि त्या काळात हे सर्कल आकाराला आलं. बाग १८७२ साली पुरी झाली. स्वातंत्र्यानंतर तिला बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. हा इंग्रज संपादक असून आपल्या लोकांच्या बाजूने लिहायचा, म्हणून १९१९ साली सरकारने त्याला देशाबाहेर काढलं.

मी मुलांना म्हटलं, या बागेत फुलं दिसतात, पण तिच्या खाली कापूस आहे. ज्या कापसाने तुमच्या आजोबांच्या छातीत कस्पट भरलं, तोच कापूस.

तिथून चर्चगेटला चालत जाऊन लोकलने चर्नी रोडला उतरलो. स्टेशनला लागून बाग आहे. आता तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. इथे मी सगळ्यांना बाकांवर आणि हिरवळीवर बसवलं आणि दहा मिनिटं कुणाला बोलू दिलं नाही.

बाबासाहेब तेव्हा भीमराव होते, एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. घर म्हणजे परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्यातच चूल, त्यातच सगळं कुटुंब. अभ्यासाला जागा कुठून आणायची? शाळा सुटली की ते या बागेत पुस्तक घेऊन बसत. विल्सन हायस्कूलचे कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजीही संध्याकाळी याच बागेत वाचायला येत. रोज एक मुलगा एकटाच वाचताना दिसतो, म्हणून त्यांनी चौकशी केली, ओळख झाली. गुरुजी पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली, आणि केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र त्यांना भेट दिलं. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला तोही गुरुजींनीच.

विचार करा. बुद्धांच्या चरित्राचं ते पुस्तक बाबासाहेबांच्या हाती आलं, त्याच्या मागे एका बागेतली ओळख आहे. घरात जागा नव्हती, पण शहराने एक बाक मोकळा ठेवला होता. त्या बाकावर बसायला कुणी जात विचारली नाही. त्याच काळात गावोगावच्या पाणवठ्यावर आपल्या माणसाला ओंजळभर पाणी मिळत नव्हतं. १९२३ साली याच बोल्यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडून सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करायला लावले. ठराव झाला खरा, पण १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावंच लागलं. आणि पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक जागाही सर्वांना खुल्या झाल्या. तेव्हा बागेत शिरताना कुणाचे उपकार म्हणून शिरू नका. हक्क म्हणून शिरा, आणि हक्काची जागा म्हणून ती स्वच्छ ठेवा.

मलबार हिलच्या फिरोजशहा मेहता उद्यानाबद्दल थोडक्यात सांगतो. त्याला आपण हँगिंग गार्डन म्हणतो. त्या हिरवळीच्या पोटात पाण्याची मोठी टाकी आहे. दक्षिण मुंबई जे पाणी पिते त्यातलं बरंच तिथून येतं. ती टाकी नव्याने बांधायची म्हणून २०२३ साली शेकडो झाडांवर गदा येणार होती. तिथल्या रहिवाशांनी एकजुटीने आवाज उठवला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

दुपारी भाकरी-चटणी सोडली ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ही बाग खुली झाली, तेव्हा व्हिक्टोरिया गार्डन. मुलं पेंग्विनकडे धावली, धावू दिली. पण मी आयाबायांना घेऊन झाडं दाखवली. फुटबॉलएवढी फळं धरणारा कैलासपती, आफ्रिकेची गोरखचिंच, लाल झुंबरासारखी फुलणारी उर्वशी. २००७ साली या बागेचा कायापालट करायची मोठी योजना आली, तेव्हा जागरूक नागरिकांनी, त्यात पुढे बायाच, झाड न् झाड मोजून काढलं. तीन हजारांवर झाडं भरली. मोजलं म्हणून वाचवता आलं.

शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली खुलं झालेलं. बाहेर दगडी हत्ती आहे. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं तोच हा. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना तो कोसळून फुटला. ते तुकडे या बागेत आणले आणि १९१४ साली जोडून त्याला उभं केलं. काळ्या घोड्यावरचा इंग्रज राजाही १९६५ पासून इथेच. मुलं म्हणाली, "काका, हत्ती तुटला म्हणून राहिला!" मी म्हटलं, होय रे.

इथे एक घरची गोष्ट सांगतो. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. माझे वडील रोज सकाळी डबा न घेता घरातून निघत आणि अंधार पडल्यावर येत. आईला वाटे, युनियनच्या कामाला जातात. एकदा मी मागोमाग गेलो. ते राणीच्या बागेत झाडाखाली नुसते बसून होते. खोलीवर उधारीवाले येत, त्यांना तोंड कसं दाखवायचं? मला बघून ते एवढंच म्हणाले, "इथं कुणी पैसे मागत नाही." त्या वर्षी माझी शाळा सुटली. पुढे बदली कामगार झाल्यावर, पाळी नसेल त्या दिवशी, मी याच बागेत वाचायला बसू लागलो.

शेवटचा टप्पा माटुंग्याचे फाईव्ह गार्डन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाट वस्तीत माणसं पटापट मेली. मग १८९८ साली सरकारने सुधारणा ट्रस्ट काढला. त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते, झाडं आणि पाच बागा आखल्या. जवळच हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं राजगृह. त्याच ट्रस्टने कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. एकच ट्रस्ट, पण एका वस्तीला पाच बागा, आणि दुसरीला दहा बाय दहाची खोली नि सार्वजनिक नळ. मग आमची बाग कुठली? कामगार मैदान, नरे पार्क. तिथे हिरवळ नव्हती, सभा होत्या. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एकदिवसीय संपाची सभा कामगार मैदानावरच झाली.

आता मलबार हिलची गोष्ट आठवा. १९९१ साली नियम झाला, की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर तीन वाटे करा. एक मोकळ्या जागेसाठी शहराला, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला. २००१ साली त्यात बदल करून ठरलं, की फक्त जी जमीन आधीपासून रिकामी आहे तिचेच वाटे करायचे. गिरणीत रिकामी जमीन असते किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तो बदल कायम राहिला. आमच्या नातवंडांच्या वाट्याच्या बागा कागदावरच आटल्या. तिथे टॉवर आले, मॉल आले. आम्ही मोर्चे काढले, नाही असं नाही. पण घरासाठी काढले. बागेसाठी म्हणून एकही घोषणा दिल्याचं मला आठवत नाही. पोटाला नाही तिथे बाग कुठली, असं वाटायचं. आज वाटतं, चूक झाली. ज्याच्या घरात दुसरी खोली नाही, त्यालाच बागेची गरज जास्त. चर्नी रोडचा बाक हेच सांगतो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या वॉर्डात मैदान नि बाग म्हणून राखून ठेवलेल्या जागा कुठल्या, त्याची यादी विहाराच्या फळ्यावर लावू या. ते काम तरुणांनी घ्यावं, अर्ज मी लिहून देतो. दुसरी, विहारामागच्या मोकळ्या पट्ट्यात दोन बाक आणि एक दिवा बसवू या, परीक्षेच्या दिवसांत मुलांना उपयोग होईल. एका बाकाचा खर्च मी माझ्या ग्रॅच्युइटीतून देतो. तिसरी, पुढच्या फेरीला बापे माणसांनीही यावं, गेल्या वेळी सगळ्या बायाच होत्या! फेरी रविवारी ठेवू, बुधवारी राणीची बाग बंद असते. पाण्याची बाटली, भाकरी आणि एक वही आणा.

वही विसरू नका. आपण लिहिलं नाही तर दुसरा कुणी लिहिणार नाही. एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!