मनोऱ्यापर्यंतची सहल

(गणेशोत्सवातील महिलांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘माझा अविस्मरणीय प्रवास’. माझ्या आधीच्या वक्त्या काशीला आणि सिंगापूरला जाऊन आल्या. मी तुम्हांला आपल्याच ईस्ट कोस्ट रोडने नेणार आहे, तेही जुन्या मारुती ओम्नीतून, मे महिन्यात, एसी नसताना. तेव्हा आधीच क्षमा मागते.

साल २००४. आदल्या वर्षी सासरे गेले आणि आम्ही आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कऱ्हाडहून इथे विल्लिवाक्कमला घेऊन आलो. पन्नास वर्षे वाड्यात माणसांच्या राबत्यात राहिलेली बाई तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली. कामवालीशी बोलता येईना, भाजीवाल्याशी बोलता येईना. वेण्डाम, पोदुम आणि तण्णी हे तीन शब्द त्या शिकल्या. नको, पुरे आणि पाणी. हे ऑफिसला जात, मी बँकेत. मुले शाळेतून आली की आपापसांत तमिळ, नाहीतर इंग्रजी. मुलगा तेरा वर्षांचा, तो मोडकेतोडके तरी बोले. नऊ वर्षांच्या मुलीला मराठी सगळे समजे, पण उत्तर इंग्रजीत. आजीने विचारायचे, “जेवलीस का गं?” आणि हिने म्हणायचे, “यस.” मी रागावले की म्हणे, “अम्मा, इथे कोणाला लागतं मराठी?” हे वाक्य मात्र मराठीत!

एप्रिलमध्ये आईंनी शांतपणे सांगितले, “मला जूनचं तिकीट काढून दे. इथं तुमचं काही चुकत नाही, पण मी बोलायचं विसरून जाईन.” यांनी १० जूनचे पुण्याचे तिकीट काढले. आणि जाण्यापूर्वी आईला काहीतरी दाखवू या म्हणून ही सहल ठरली.

यांचा नियम असा की दर दोन तासांनी गाडी थांबवायची आणि रस्त्यालगतची एक ‘विचित्र वस्तू’ बघायची. देवळे वेगळी, ती आईंसाठी. मुलीकडे वही दिली. प्रत्येक वस्तूला सर्वांनी दहापैकी गुण द्यायचे आणि तिने ते लिहायचे. अर्थात इंग्रजीत.

पहिला मुक्काम मगरींचा. रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेली ही मद्रास क्रोकोडाइल बँक आपण सर्वांनी पाहिली आहे. मुलांनी दहापैकी दहा दिले. आईंनी शून्य. “पैसे देऊन मगरी बघायच्या? त्या तर हलतसुद्धा नाहीत.” पुढे महाबलीपुरम. तिथला तो उतारावर टेकलेला अजस्र गोल धोंडा, ‘कृष्णाचा लोण्याचा गोळा’, अडीचशे टनांच्या आसपास भरतो म्हणतात. इंग्रजी अमदानीत गव्हर्नरने हत्ती लावून तो हलवायचा प्रयत्न केला आणि तो हलला नाही, ही गोष्ट तिथला प्रत्येक गाइड सांगतो. २०१९ मध्ये आपले पंतप्रधान आणि चीनचे अध्यक्ष याच धोंड्यापुढे उभे राहिले, तेव्हा मी टीव्हीसमोर ओरडले होते, “आईंनी याला सात दिले होते!” त्यांचे म्हणणे, लोणी चांगले निघाले आहे, पण कढवायला कोणी नाही.

रात्री पाँडिचेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी आडवाटेने तिरुवक्करै. हे ठिकाण फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून आवर्जून सांगते. तिथे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झाले आहेत. झाडांसारखे दिसणारे दगड नव्हेत हो, झाडेच. खोडांवरची साल दिसते, फांदी तुटल्याच्या गाठी दिसतात, आणि हात लावला की गार धोंडा. मोठमोठे ओंडके उन्हात नुसते पडलेले. पुराने वाहून आलेली झाडे गाळात पुरली गेली आणि पाण्यातल्या सिलिकेने कणाकणाने लाकडाची जागा घेतली, असे यांनी मुलांना समजावले. आई एका ओंडक्यावरून बराच वेळ हात फिरवत होत्या. गुण विचारले तर म्हणाल्या, “लिही काय लिहायचं ते.” गाडीत बसल्यावर त्या बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी चिदंबरमहून तरंगमबाडी. आपण आजवर इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच ऐकले. इथे होते डेन्मार्कचे लोक! १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना जागा दिली आणि त्यांनी समुद्राला लागून किल्ला बांधला, डान्सबोर्ग. १८४५ मध्ये त्यांनी तो सगळा गाव इंग्रजांना विकून टाकला. पिवळसर रंगाचा तो किल्ला बघायला अर्धा तास पुरतो. आम्ही तिथे दोन तास होतो, कारण किल्ल्यासमोर वाळूत एक बाई शंख-शिंपल्यांच्या माळा विकत बसली होती आणि आईंचे तिच्याशी जमले. ती तमिळमध्ये बोले, या मराठीत. ती पाच बोटे दाखवी, या तीन. शेवटी शेजारी बसून दोघींनी ताडगोळे खाल्ले. ती म्हणे नुंगू, या म्हणत ताडगोळा. निघताना तिने एक शंख फुकट दिला आणि आईंनी त्यांच्या पिशवीतला कऱ्हाडहून आणलेला कुंकवाचा करंडा तिला दिला. मी म्हटले, “काय बोलत होतात एवढं?” तर म्हणाल्या, “तिचाही गेलाय. दोन वर्षं झाली.” हे त्यांना कसे कळले, मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी तंजावर. बृहदीश्वराचे वर्णन मी करत नाही, तो माझा घास नव्हे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच फरशी इतकी तापली होती की आम्ही काथ्याच्या पट्टीवरून उड्या मारत चाललो होतो. नैऋत्येच्या कोपऱ्यात सावली मिळाली म्हणून टेकलो, आणि मुलगी ओरडली, “अम्मा, हिंदी!”

हिंदी नव्हती. भिंतीवर ओळीमागून ओळी देवनागरीत कोरलेल्या, मराठी. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास. मी पुस्तकात वाचले होते, पण तो एवढा पसरलेला असेल असे वाटले नव्हते. आईंनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. रोज पोथी वाचणारी बाई. जुन्या वळणाची मराठी आम्हांला अडखळवत होती, त्यांना नाही. बोट अक्षरांवरून थोडे दूर धरून, पोथीच्या हेलात, मोठ्याने. शहाजी, शिवाजी, एकोजी अशी नावे आली की आवाज चढे. वर्षभरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

सेलमकडचे एक कुटुंब थांबले. मग आणखी काही लोक. त्यांतल्या एका बाईंनी माझ्या मुलीला विचारले, “पाट्टी काय वाचतायत?” मुलीने आजीकडे पाहिले. आणि मग ती आजीचे वाक्य ऐकून तमिळमध्ये सांगू लागली. अडले की आजीला विचारी, “आजी, ‘आरूढ’ म्हणजे काय?” मराठीत! आई समजावत, ती पुढे सांगे. वीस-पंचवीस मिनिटे हे चालले होते. त्या बाई म्हणाल्या, आम्ही दरवर्षी येतो, हे काय लिहिले आहे ते आज कळले. मी आणि हे खांबाला टेकून नुसते उभे होतो. मुलाने सगळ्यांसाठी पाणी आणले, हेही नमूद करते, नाहीतर तो अमेरिकेतून फोन करील.

शेवटचा थांबा मनोरा. तंजावरहून पट्टुक्कोट्टैमार्गे साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, उथळ शांत समुद्राच्या काठी. षट्कोनी, मजल्यावर मजले चढवत निमुळती होत गेलेली उंच इमारत. ही सरफोजीराजांनीच बांधली, आणि कशासाठी म्हणाल, तर युरोपात इंग्रजांनी नेपोलियनला हरवले त्या आनंदात! ज्या राजाचे राज्य १७९९ मध्ये इंग्रजांनी काढून घेऊन त्याच्या हाती जेमतेम तंजावरचा किल्ला ठेवला, त्याने इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ उभारावा, याला काय म्हणावे? हे चिडले. म्हणाले, शून्य गुण. मला तेवढे सोपे वाटत नाही. त्याच माणसाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, आणि या मनोऱ्यावरच्या लेखांत इंग्रजीबरोबर तमिळ आणि मराठीही घातली. हातात जे उरले होते त्यातून त्याने केले.

रस्त्यात वाट विचारायला ह्यांनी काच खाली केली, तर सायकलवरचा मुलगा म्हणाला, “मनोरा? नेरा पोंगो.” आई मागून म्हणाल्या, “अरे, हा मनोराच म्हणतोय की!” दोनशे वर्षे तिथले कोळी मराठी मनोऱ्याला मनोराच म्हणत आले आहेत. आईंना गुण विचारले. म्हणाल्या, “घरच्या वस्तूला गुण देतात का?” मुलीने वहीत तेच लिहिले. आजीकडून विचारून, देवनागरीत, ‘वस्तू’ ऱ्हस्व.

आई १० जूनला गेल्याच. तिकीट रद्द झाले नाही. पण दर पंधरवड्याला इथून एक आंतरदेशीय पत्र जाऊ लागले आणि तिथून शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांसह उत्तर येऊ लागले.

मग २६ डिसेंबर आला. आपण सर्वांनी तो दिवस इथे काढला आहे. नागपट्टिनम जिल्ह्यात सर्वांत जास्त माणसे गेली, तरंगमबाडी तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. संध्याकाळी फोन लागला, तर आईंनी आम्ही सुखरूप आहोत हे ऐकून घेतले आणि पुढचाच प्रश्न, “ती शंखवाली?” आम्हांला तिचे नावही माहीत नव्हते.

मेमध्ये आम्ही पुन्हा गेलो. किल्ला उभा होता. समोरच्या वाळूत कोणी बसलेले नव्हते. मुलगी दहा वर्षांची, तिने वस्तीत विचारत विचारत दीड तास काढला. शेवटी एका म्हातारीने सांगितले, ती त्या दिवशी मुलीकडे कुंभकोणमला गेली होती, तिथेच राहिली आहे. आम्ही एसटीडी बूथ गाठला. मुलीने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाली, “आजी, आहे गं ती.”