घरदुरुस्तीचं कर्ज : गाव बदललं की मर्यादा बदलते
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला. "तुम्ही बँकेत होते, दुरुस्तीच्या कर्जाबद्दल सांगा," असं ते म्हणाले. पंचवीस वर्षं झालेल्या इमारतीला हा विषय शोभतो. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस ओलांडली की तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. म्हणजे पुढची पाच वर्षं आपल्याकडे आहेत. नंतर तपासणीही वाढेल आणि खर्चही.

इमारतीच्या सामाईक दुरुस्तीसाठी सोसायटीचा दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड आहे. आपापल्या फ्लॅटमधली ओल, सडलेले पाइप, उखडलेल्या फरश्या यांचा खर्च मात्र ज्याचा त्यालाच करायचा आहे. त्यासाठी बरेच जण कर्ज काढतील. तिथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. दुरुस्तीसाठी किती कर्ज मिळेल, हे काही ठिकाणी तुमचं घर कोणत्या गावात आहे यावर ठरतं.

आपल्यापैकी पुष्कळांची खाती नागरी सहकारी बँकांत आहेत. व्यक्तीला घराची दुरुस्ती, वाढीव बांधकाम किंवा फेरबदल यांसाठी या बँका किती कर्ज देऊ शकतात, याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे. आधी ती शहरी भागात ५ लाख आणि ग्रामीण व निमशहरी भागात २ लाख होती. २०२२ मध्ये ती वाढवली. दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महानगरी केंद्रांत १० लाख आणि बाकी सगळीकडे ६ लाख अशी ती झाली.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, म्हणून लकडगंजातल्या फ्लॅटला १० लाखांची मर्यादा लागते. वर्ध्याची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती, तिथे ६ लाख. अमरावती एवढं मोठं शहर, विभागाचं मुख्यालय, पण लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत, म्हणून तिथेही ६ लाखच.

आता हिशेब करून पाहू. समजा, एका भावाचा फ्लॅट इथे आणि दुसऱ्याचं घर वर्ध्याला. दोघांचंही दुरुस्तीचं अंदाजपत्रक १४ लाखांचं. सहकारी बँकेचं कर्ज ९ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी धरा. उरलेली रक्कम पर्सनल लोनने, १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. नागपूरच्या भावाला १० लाखांवर सुमारे १२,६६८ आणि उरलेल्या ४ लाखांवर ९,३०७, मिळून २१,९७५ रुपये महिना. वर्ध्याच्या भावाला ६ लाखांवर ७,६०१ आणि उरलेल्या ८ लाखांवर १८,६१५, मिळून २६,२१६ रुपये महिना. काम तेच, फरशी तीच, पण पहिली पाच वर्षं वर्ध्याचा भाऊ दर महिन्याला ४,२४१ रुपये जास्त भरतो. पगार मात्र बहुधा त्याचाच कमी!

असा नियम का असावा? सहकारी बँकेत लहान माणसाच्या ठेवी असतात. त्या मोठ्या घरकर्जांत अडकू नयेत, हा हेतू योग्यच आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. माझा आक्षेप फक्त मोजपट्टीवर आहे. घर विकत घेताना गावागावांत फरक पडतो, कारण त्या किमतीत जमीन असते. मुंबईची जमीन आणि वर्ध्याची जमीन यांची बरोबरी कशी होणार? दुरुस्तीत मात्र जमीन नसतेच. सिमेंटचं पोतं, टाइल, पाइप, प्लंबरची मजुरी. यातलं काही लहान गावात थोडं स्वस्त असेल, पण काही उलट नागपूरहून न्यावं लागतं आणि वर भाडं पडतं. खरेदीच्या कर्जाला लोकसंख्येचा निकष समजू शकतो. दुरुस्तीला तो तितकासा लागू पडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'अग्रक्रम क्षेत्र' म्हणून आणखी एक गावानुसार मर्यादा असते. १ एप्रिल २०२५ पासून घरकर्जासाठी तिचे तीन टप्पे आहेत : ५० लाख व अधिक लोकसंख्येच्या केंद्रात ५० लाख रुपये, १० ते ५० लाख लोकसंख्येच्या केंद्रात ४५ लाख आणि त्याखाली ३५ लाख. नागपूर मधल्या टप्प्यात येतं. पण ही मर्यादा म्हणजे कर्जबंदी नव्हे, बरं का! तिच्यावरचं कर्ज बँकेच्या अग्रक्रमाच्या उद्दिष्टात मोजलं जात नाही, एवढंच. कोणी काउंटरवर "तुमच्या शहराची लिमिट संपली" म्हणालं, तर नम्रपणे विचारा, "साहेब, कोणती लिमिट? देण्याची की मोजण्याची?" या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टी उलगडतात.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली, आधी इंजिनिअरकडून अंदाजपत्रक घ्या, मग बँकेत जा. रक्कम मर्यादेत बसत असेल तर सहकारी बँक उत्तम. बसत नसेल तर लगेच पर्सनल लोनकडे वळू नका. व्यापारी बँकेत किंवा गृहवित्त कंपनीत विचारा. घरकर्ज चालू असेल तर त्यावर टॉप-अपची चौकशी करा.

दुसरी, कामाचे टप्पे करा. या वर्षी ओल आणि पाइप, फरशी नंतर. ओल थांबत नाही, फरशी थांबते.

तिसरी, करसवलतीच्या भरवशावर हप्ता ठरवू नका. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जाच्या व्याजावर वर्षाला फक्त ३०,००० रुपयांची वजावट मिळते, खरेदीसारखी २ लाखांची नाही. नव्या पद्धतीत राहत्या घराला तीही नाही.

चौथी माझ्या वयाच्या मंडळींसाठी. कर्जाची मुदत आपल्या वयावर ठरते, म्हणून बँक मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार करायला सांगते. त्यांच्या नावावर हप्ता चढवण्याआधी त्यांना समोर बसवून आकडे दाखवा. त्यांचं स्वतःचं घरकर्ज अजून व्हायचं असतं आणि हा हप्ता त्यांच्या पात्रतेतून वजा होतो. साठीनंतर रिव्हर्स मॉर्गेजचाही पर्याय आहे आणि त्यातली रक्कम घराच्या दुरुस्तीला वापरता येते. पण तो घरातल्या सगळ्यांशी बोलूनच घ्या.

कार्यकारिणीला एक विनंती. कर्जासाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. त्याचा एक ठरलेला नमुना आणि ठरलेली मुदत असू द्या. भूखंड नासुप्रच्या भाडेपट्ट्याचा असेल तर पट्ट्याची कागदपत्रंही बँक मागते. त्यांच्या प्रती ऑफिसात एका फाइलमध्ये तयार असल्या तर एकेका सदस्याचे हेलपाटे वाचतील.

आणि तुमच्यापैकी ज्यांची घरं वर्धा, भंडारा, यवतमाळला आहेत, तिथे आई-वडील राहतात, त्यांनी वरचा हिशेब जरूर घरी न्या. तिथली मर्यादा कमी आहे, हे काम सुरू होण्याआधी कळलं तर मार्ग निघतो. अर्धी भिंत फोडून झाल्यावर कळलं तर ठेकेदार सांगेल त्या व्याजाने पैसे उभे करावे लागतात.

कोणाला हप्त्याचा हिशेब करून हवा असेल तर अंदाजपत्रक घेऊन संध्याकाळी या. चहा माझ्याकडून, मात्र चष्मा आपापला आणा.